नव्या मशीनवर कोण बसणार

जिंतूर,
रविवार, ७ नोव्हेंबर १९९३

चि. भुजंग,

सप्रेम जयभीम. तुझ्या मागच्या पत्रावर पत्ताच नव्हता. शेवटी चुडाव्याला कडूबाई मावशीला विचारलं, तेव्हा मिळाला. सख्ख्या बहिणीला पत्ता नाही आणि मावशीला आहे. मावशी म्हणाली, पोरगं पुण्यात कॉम्प्युटरच्या दुकानात लागलंय. मी म्हटलं, किती दिवसांसाठी?

कामाचं लिहिते. आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधला कॉम्प्युटर परभणीला नेऊन वाढवून आणला. आतला बोर्ड बदलला, आता तो ३८६ झाला. मेमरी चार एमबी, पडदा रंगीत. जुन्यावर नुसतं वर्डस्टार होतं, म्हणजे इंग्रजी. जिंतुरात इंग्रजी टाईप करून घेणारं कोण? एक बँक आणि एक कॉलेजचे प्राचार्य. बाकी अर्ज, ठराव, प्रतिज्ञापत्रं सगळी मराठीत, ती अजून टाईपरायटरवरच चाललीत. नव्या बोर्डावर मराठी चालतं म्हणतात, पण त्याचं सॉफ्टवेअर वेगळं घ्यावं लागतं. कोणतं घ्यावं, हे इथं कुणाला सांगता येईना.

लिंबाजी म्हणतो, बाई, घाई नको, दोन-तीन बघून मग घेऊ. लिंबाजी म्हणजे वालूरचा. तू गेल्यावर आला, तुला माहीत नाही. मिनिटाला चाळीस शब्दांच्या मराठी परीक्षेत पहिला आला. आता सकाळच्या बॅचला तोच शिकवतो. मशीन पुसणं, रिबन बदलणं, सांगावं लागत नाही. लिंबाजीचंच म्हणणं पडलं की पुण्याला भुजंगभाऊ आहेत, तर त्यांना विचारा.

तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं पण कॉम्प्युटर येणार असं ऐकते. बारा वर्षं मी या दहा बोटांवर घर चालवलं. नव्या मशीनवर मलाच बसायचंय. तेवढं डोक्यात ठेवून विचारपूस कर आणि कळव.

दाजींची ड्युटी आता एसटी डेपोतच आहे, कंट्रोल केबिनमध्ये. आई बरी आहे.

तुझी,
सगुणा अक्का

---

पुणे,
१६ नोव्हेंबर १९९३

ती. अक्का,

जयभीम. पायावर डोकं ठेवलं असं समज आन् पुढं वाच.

किती दिवसांसाठी म्हणून विचारलंस. साडेतीन महिने झाले. एवढा तर मी चुडाव्याला पण टिकलो न्हवतो. तिथं मावशी रोज विचारायची, आजच्या गाडीनं चाललास का उद्याच्या. इथं काम म्हणजे मॉनिटर आन् प्रिंटर सायकलवर बांधून गिऱ्हाइकाकडं पोचवायचे. परवा असाच प्रिंटर घेऊन चाललो होतो, तर मंडईजवळ एक माणूस तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून द्यायलाय. दोन केसांचा कुंचला, भिंग, आन् हात कसा, तर हलतच न्हाई. मी तासभर उभा. शेवटी माझं पण नाव लिहून घेतलं. दुकानात येऊन बघतो तर खिशाला भोक. भुजंग पुण्यात कुठंतरी पडला. शेठ प्रिंटर उशिरा पोचला म्हणून ओरडले ते वेगळंच.

तर सॉफ्टवेअरचं विचारतो. पण आधी एक सांग. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात लिंबाजी तीन वेळा हाय, दाजी एकदा, आई एकदा, आन् मी दोनदा, त्यातला एकदा तर मायन्यात. हा वालूरकर एवढा काय सोन्याचा लागून गेला? रिबन तर मी पण बदलायचो. हात काळे व्हायचे, तेच हात घेऊन भिंतीला टेकायचो, म्हणून तू ओरडायचीस, ती गोष्ट निराळी. आन् खिडकीजवळची तीन नंबरची मशीन, ती माझी होती, तिथं आता तो बसतो का? खरं सांग.

तीसची परीक्षा मी तीनदा नापास, हे तू त्याला सांगितलंस का? सांगितलंच असशील. तिसऱ्या बारीला माझी चूक न्हवती, परभणीत परीक्षेच्या खिडकीसमोरून सर्कसचा हत्ती चालला होता. हत्ती चालला असताना खाली मान घालून टाईप करणारा माणूस मला तरी बघायचा न्हाई.

असो. शेठला विचारून कळवतो.

तुझा,
भुजंग

---

जिंतूर,
२५ नोव्हेंबर १९९३

चि. भुजंग,

जयभीम. पत्रात नावं मोजत बसण्यापेक्षा त्या वेळात दुकानात विचारलं असतंस तर एव्हाना उत्तर आलं असतं.

तीन नंबरवर कुणी बसत नाही. तिचा रोलर गेलाय. लिंबाजी आठ नंबरवर बसतो. झालं समाधान?

परभणीच्या दुकानदारानं एवढं सांगितलं की मराठीची दोन सॉफ्टवेअरं आहेत. एक टंकमित्र. त्याची बटणं आपल्या टाईपरायटरसारखीच लागतात, म्हणजे ज्याचा हात बसलाय त्यानं सरळ बसायचं आणि टाईप करायचं. दुसरं बोरू. त्यात इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायचं. क पाहिजे तर के दाबायचं, ख पाहिजे तर के आणि एच. मला टंकमित्रच पाहिजे. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे. दहावीला पस्तीस, ते पण मास्तरांच्या मेहेरबानीनं. तू फक्त एवढं नक्की कर की टंकमित्र ३८६ वर चालतं. चालत असेल तर घेऊन पाठव. डीडी सोबत आहे.

लिंबाजीचंही तेच म्हणणं आहे. काल घड्याळ लावून त्याचा स्पीड बघितला, मिनिटाला बावन्न शब्द. माझा पंचेचाळीस आहे. बघ, हे पण तुला लिहिते, लपवत नाही.

तुझे आश्रुबा दाजी विचारतात, साहेब जिंतूरला कधी येणार. मी म्हटलं, हत्ती आला की.

सगुणा अक्का

---

पुणे,
४ डिसेंबर १९९३

ती. अक्का,

जयभीम. डीडी मिळाला. काम पक्कं झालं.

दोन्ही सॉफ्टवेअरं आमच्या दुकानात हायत. नीट चौकशी केली. टंकमित्र तुझ्या नव्या बोर्डावर चालत न्हाई. ते जुन्या मशीनीसाठी केलेलं हाय, ३८६ वर लावलं की पडदा काळा पडतो आन् मग सगळंच बंद. मग काय करणार? म्हणून बोरू घेतलं. तीन फ्लॉप्या आन् एक पुस्तक. परभणीच्या गाडीवरचे कंडक्टर भगवानराव दाजींना वळखतात, त्यांच्या हातात दिलंय. पिशवीवर पाणी सांडू नका, चुंबकाजवळ ठेवू नका, असं दहा वेळा बजावलं, तर ते म्हणाले, लेकरू हाय का काय आत.

बोरू सोपं हाय. मी स्वतः दोन दिवसांत हात बसवला. शेठ येतात साडेदहाला, मी नऊला येतो आन् बसतो. के ए एम ए एल, झालं कमल. त्यात कुणी चाळीसवाला न्हाई, बावन्नवाला न्हाई. सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं. ज्याला जमेल त्याचं.

काही अडलं तर मला लिहा. मला येतं. लागलं तर मी येऊन जातो आठ-पंधरा दिवस, तसं काही मला इथं बांधून घातलेलं न्हाई.

इथं थंडी लय पडायलीय. रूमवर आम्ही पाच जण, त्यात एक कोल्हापूरचा हाय, तो झोपेत कुस्ती करतो.

तुझा,
भुजंग

---

जिंतूर,
३० डिसेंबर १९९३

चि. भुजंग,

जयभीम. फ्लॉप्या मिळाल्या. सॉफ्टवेअर बसलं, चालू आहे. प्रिंट छान येते.

मशीनवर लिंबाजी बसतो. मी बाहेरच्या टेबलावर असते. आलेला माणूस काय म्हणतो ते लिहून घेते आणि आत देते. दोघांनी वाटून घेतलं की काम लवकर उरकतं.

तुझी मदत लागली नाही. लिंबाजीला आठ दिवसांत जमलं.

बाकी ठीक.

सगुणा

---

पुणे,
९ जानेवारी १९९४

अक्का,

जयभीम.

तुझं पत्र मोजायचं ठरवलं असतं तर मोजायला काही न्हवतंच. एवढं छोटं पत्र तू मला कधी लिहिलं न्हवतंस. बाकी ठीक म्हणजे काय? बाकी काय ठीक?

तूच लिहिलं होतंस ना, नव्या मशीनवर मलाच बसायचंय. मग? आता तो आत, रंगीत पडद्यासमोर, आन् तू बाहेर अर्ज लिहून घ्यायलीस. मालकीण तू का तो? मला तू कधी तासभर नव्या रिबनची मशीन दिली न्हाईस. म्हणायचीस, आधी जुन्यावर शीक. आन् त्याला सरळ कॉम्प्युटरच देऊन टाकलास. दत्तकविधान केलं असशील तर पेढे तरी पाठवायचे.

मला काय वाटलं होतं सांगू? वाटलं होतं तू लिहिशील, भुजंगा, इथं कुणाच्याच हाताला हे लागंना, तू ये. मी बॅग पण बांधली होती. कोल्हापूरवाला म्हणाला, कुठं चाललास? म्हटलं, बहिणीचं बोलावणं येणार हाय. आता रोज विचारतो, आलं का बोलावणं. त्याच्यापायी मी काल दुसऱ्या रस्त्यानं रूमवर गेलो, तर तिकडं एक जण मांजरींना दूध पाजायलाय, अकरा मांजरी, प्रत्येकीला नाव. तिथंच बसलो. निदान त्या माणसानं मला विचारलं तरी, तुला कोणती आवडली म्हणून.

माझा बोरूवरचा स्पीड सव्वीस झालाय. त्याचा किती झाला? नको, सांगू नको.

भुजंग

---

जिंतूर,
२० जानेवारी १९९४

चि. भुजंग,

जयभीम. हे कार्डच लिहिते, वेळ नाही. चौदा तारखेची बातमी तू ऐकलीच असशील. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. आई दिवसभर दारात बसून होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. चार दिवस दुकान बंद ठेवलं, बाहेर वातावरण बरं नव्हतं. आमची काळजी करू नको. कॉलेजचं काम आलंय, सगळे कागद नव्या नावानं करायचे आहेत. लिंबाजी करतोय.

तुझ्या पत्राला सवडीनं उत्तर देईन.

सगुणा

---

वालूर,
८ फेब्रुवारी १९९४

मा. भुजंगभाऊंना,

लिंबाजीचा सविनय जयभीम.

आपली ओळख नाही, तरी लिहितो. राग मानू नये. बाईंना हे पत्र माहीत नाही. म्हणून घरून, वालूरहून लिहिलं आहे.

आपण पाठवलेलं बोरू मशीनवर चालतं. मला लवकर जमलं, कारण मी मराठीबरोबर इंग्रजी तीसची परीक्षाही दिलेली आहे. इंग्रजी बटणं मला न बघता सापडतात. बाईंचं तसं नाही. बाईंनी पहिले वीस दिवस रोज प्रयत्न केला. सगळ्यात मोठी अडचण वेलांटीची. टाईपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. बोरूमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून. बाईंचा हात वेलांटीवर आधी जातो, तो थांबत नाही. बारा वर्षांची सवय आहे. आता त्या मशीनच्या खोलीतच येत नाहीत.

कॉलेजचे लेटरहेड आले, त्या दिवशीचं सांगतो. बाई म्हणाल्या, लिंबाजी, ऊठ, हे नाव मी टाईप करणार. मी उठलो. बाईंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा इथपर्यंत केलं. एकेक बटण शोधून केलं, पण केलं. विद्यापीठला हात आपला आपण चालला आणि पडद्यावर ‘इवद्या’ उमटलं. पुसलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. कॉलेजचा कारकून मागं उभा होता. तो हसला नाही. त्यानं घड्याळ बघितलं. बाई उठल्या. मला म्हणाल्या, कर तू. आणि बाहेर जाऊन पाणी प्यायल्या.

मी ते नाव टाईप केलं. माझ्या आईला, बायनाबाईला, त्याचा पहिला कागद नेऊन दाखवला. आई रडली. पण मला ते काम चोरून केल्यासारखं वाटतं.

बोरूच्या पुस्तकात मागच्या पानावर कंपनीचा पत्ता होता, तो बघून सुचलं. टंकमित्रवाल्यांचाही पत्ता परभणीच्या दुकानदाराकडून घेतला आणि त्यांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर परवा आलं. टंकमित्र ३८६ वर व्यवस्थित चालतं, पहिल्यापासून चालतं, असं त्यांनी लिहून दिलं आहे. तेव्हा आपल्याला दुकानात कुणीतरी चुकीची माहिती दिली असावी. आपण सरळ मनानं विश्वास ठेवलात.

आता बोरू परत करून टंकमित्र मिळतं का, एवढं बघावं. माझ्यासाठी नाही. मला दोन्ही सारखीच आहेत.

आपला,
लिंबाजी

---

पुणे,
१५ फेब्रुवारी १९९४

ती. अक्का,

जयभीम. आज इकडचं तिकडचं लिहिणार न्हाई. लिहायला घेतलं की मन जातं, पण धरून ठेवतो.

मला दुकानात कुणी चुकीचं सांगितलं न्हाई. टंकमित्र ३८६ वर चालतं. माझ्यासमोर शेठनी एका वकिलाला तेच लावून दाखवलं होतं. वकिलाचा टायपिस्ट बसला आन् बसल्याबसल्या धाडधाड सुरू झाला. पडदा काळा पडतो हे मी मनानं रचलं. तुझा डीडी माझ्या खिशात होता आन् समोर काचेत दोन डबे शेजारी शेजारी होते. मी बोरूकडं बोट दाखवलं.

कामून दाखवलं, ते तुला कळलंच असंल. टंकमित्र आलं असतं तर तुझा वालूरकर बसला असता आन् पहिल्या दिवशी बावन्नचा पंचावन्न झाला असता. मी आलो असतो तर तीसचा नापास तो नापासच. बोरू म्हणजे सगळ्यांचे हात मुके. मग मी वरचढ. मी गुपचूप शिकत होतो ते त्याच्यासाठीच. मला काय ठाऊक, त्याला इंग्रजी पण येतं. ते तू कधी लिहिलं न्हवतंस. बाकी सगळं लिहिलंस.

तुझे हात पण मुके होतील हे माझ्या डोक्यात आलं न्हाई, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. आलं होतं. एकदाच आलं. सायकलवर होतो, मॉनिटर मागं बांधलेला, चढ होता. वाटलं, अक्काचं काय? मग म्हटलं, अक्काला काय, ती मालकीण हाय, ती शिकंल. आन् चढ संपला, तसा तो विचार पण संपला.

विद्यापीठाच्या नावाचं मला कळलं. कुणाकडून ते विचारू नको. बाबा नामांतराच्या मोर्चात धरले गेले, सतरा दिवस जेलात होते, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. मला फक्त एवढं आठवतं की तू रोज डबा घेऊन जायचीस आन् तो तसाच परत यायचा. ते नाव तुझ्या हातानं व्हायला पाहिजे होतं. ते मी होऊ दिलं न्हाई, आन् तेही कशासाठी, तर एका खुर्चीसाठी, जिच्यावर मी दहा मिनिटं सुद्धा बसून राहिलो नसतो.

शेठला खरं सांगितलं. ते बोलायचं ते बोलले. पण टंकमित्र द्यायला तयार झालेत, बोरूच्या फ्लॉप्या आन् पुस्तक मी हातानं परत आणून द्यायचं या बोलीवर. तू म्हणशील तर घेऊन येतो. न्हाई म्हणशील तर तेही बराबर हाय.

भुजंग

---

जिंतूर,
२४ फेब्रुवारी १९९४

भुजंग,

जयभीम.

पत्र दुपारी आलं. वाचलं आणि पहिल्यांदा चूल पेटवून त्यात घालावंसं वाटलं. आईनं विचारलं, काय लिहिलं पोरानं? मी म्हटलं, थंडी आहे तिकडं.

वीस दिवस, भुजंग. वीस दिवस मी त्या मशीनसमोर बसले. मला वाटत होतं माझंच वय झालं. अडतीस वर्षांच्या बाईला वाटत होतं की तिचं डोकं गंजलं, आता जमायचं नाही. दाजींना म्हटलं, मला नजरेची तपासणी करून आणा. ते बिचारे घेऊन गेले परभणीला. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. चांगलंच वाटायला पाहिजे होतं, पण मला जास्तच वाईट वाटलं. तुला एका ओळीनं हे सगळं थांबवता आलं असतं. तू तेव्हा मांजरी मोजत होतास.

आता माझं ऐक, कारण तुझ्यावर ओरडायचा मला पुरता हक्क नाही.

लिंबाजी माझ्याकडं आला तेव्हा त्याचा स्पीड अठरा होता. मी शिकवला. ज्या दिवशी तो बावन्न झाला, त्या दिवशी मी हसत घड्याळ बंद केलं आणि त्यानंतर त्याचा स्पीड कधी घेतला नाही. तो दोनदा म्हणाला, बाई, लावा ना घड्याळ. मी म्हटलं, वेळ नाही. तुला लिहिलं त्याचं कौतुक. प्रत्येक पत्रात लिहिलं. वाटायचं, कौतुक लिहिलं म्हणजे आपल्याला मत्सर वाटत नाही. तू त्याची नावं मोजलीस. बरोबर मोजलीस, जास्तच होती.

आणि बोरू आलं त्या दिवशी तोही बसला, त्याचीही बोटं अडखळली. अर्धा तास क सापडेना त्याला. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. त्या दिवशी दिवसभर मी गाणं म्हणत होते, दाजींनी विचारलं पण, आज काय आहे. दुसऱ्या दिवशी त्याची बोटं चालू लागली आणि माझी नाही. तेव्हा गाणं संपलं. आपण दोघं एकाच आईची लेकरं आहोत, यात शंका नको.

कॉलेजचा कारकून गेला, लिंबाजी गेला, मग मी आठ नंबरच्या मशीनवर कोरा कागद चढवला आणि ते नाव टाईप केलं. एका दमात, न बघता. वेलांटी आधी. कुणाला द्यायचा नव्हता तो कागद. आईला दिला. तिला वाचता येत नाही, तुला माहीत आहे. तिनं कागद उलटा केला आणि मागून बोट फिरवलं. टाईपरायटरची अक्षरं मागून वर येतात ना, ती हाताला लागतात. म्हणाली, एवढं लांब आहे का नाव? मी म्हटलं, हो. म्हणाली, सोळा वर्षं लागायचीच मग.

टंकमित्र घेऊन ये. त्यावर लिंबाजी माझ्यापुढं जाणार. जाऊ दे. मी माझ्या हातानं टाईप करेन आणि त्याचं घड्याळ पण लावेन.

पण एक आहे. तुला कुणी कळवलं ते मला न विचारता कळतं. त्या पोराला अजून वाटतंय की दुकानदारानं तुला फसवलं. काल टंकमित्रवाल्यांचं उत्तर मला दाखवून म्हणाला, भुजंगभाऊंचा काही दोष नाही. मी मान हलवली. मी त्याला सांगणार नाही. तू सांग, लिहून. ते पत्र त्याच्या हातात पडल्याशिवाय इथं यायचं नाही.

अक्का

---

पुणे,
३ मार्च १९९४

लिंबाजी,

जयभीम. वर काय लिहावं ते ठरंना. चार कागद फाडले. एकावर लिंबाजीभाऊ लिहिलं होतं, ते खोटं वाटलं. एकावर वालूरकर लिहिलं होतं. अक्काला लिहिताना मी तुला तेच म्हणायचो, आन् चांगल्या अर्थानं न्हाई.

तू लिहिलंस, दुकानात कुणी चुकीचं सांगितलं असावं. कुणी सांगितलं न्हाई. टंकमित्र चालतं हे मला डिसेंबरातच ठाऊक होतं. तुला त्या खुर्चीवरून उठवायचं होतं म्हणून मी बोरू पाठवलं. तुला मी कधी बघितलं पण न्हाई. तू काळा का गोरा, उंच का बुटका, काही ठाऊक न्हाई. नुसतं अक्काच्या पत्रात तुझं नाव यायचं आन् माझ्या पोटात जळायचं. तू उठला न्हाईस, अक्का उठली. आन् त्या नावाचं काम तुला चोरून केल्यासारखं वाटतं म्हणून तू लिहिलंस. तू काही चोरलेलं न्हाई. ते मी केलं.

तुझं पत्र मी जपून ठेवलंय. मला सरळ मनाचा असं आजवर कुणी लिहिलं न्हवतं, आईनं पण न्हाई. फाडायला पाहिजे, कारण खरं न्हाई. पण फाडवत न्हाई.

तू अक्काला म्हणालास, भुजंगभाऊंचा दोष न्हाई. ते परत घे.

टंकमित्रच्या फ्लॉप्या माझ्या हातात हायत. येत्या गुरुवारी रात्रीच्या गाडीत बसतो. रस्त्यात कुठं उतरणार न्हाई, कितीही हत्ती चालले तरी. शुक्रवारी, अकरा तारखेला, सकाळी जिंतूरच्या स्टँडवर पोचतो. बोरू परत द्यायचं हाय, तेव्हा त्याच्या फ्लॉप्या आन् पुस्तक तेवढं एका जागी काढून ठेव. पुस्तकात तू काही खुणा केल्या असशील, अक्कासाठी बटणांचा तक्ता वगैरे, तर तो उतरवून घे, मी पुस्तक नेणार.

इन्स्टिट्यूट नऊला तू उघडतोस, असं अक्का म्हणते. किल्ली तुझ्याकडं असते. मी स्टँडवरून घरी जाणार न्हाई, अक्काकडं पण न्हाई. सरळ तिथं येऊन पायरीवर बसतो. तू आलास की कुलूप काढ, झाडून घे, मशीनवरची फडकी काढ, रोजच्यासारखं कर. मी हाक मारणार न्हाई. मला आत बोलवायचं का फ्लॉप्या दारातच घेऊन परत पाठवायचं, ते तू ठरव.

भुजंग